स्वप्नात दिसलेल्या नक्षीचा मालक कोण?

२०२३च्या एप्रिलमध्ये ‘व्होग फिलिपीन्स’ या फॅशन मासिकानं मुखपृष्ठावर एका आजीबाईंचा फोटो छापला. वय १०६, दोन्ही हात गोंदणानं भरलेले. तो फोटो जगभर फिरला आणि त्याखाली बहुतेक ठिकाणी एकच ओळ होती: जगातल्या सर्वांत वयस्कर टॅटू आर्टिस्ट. या व्हांग-ओद. त्यांच्याकडचे लोक त्यांना ‘आपो’ म्हणतात, आपण ‘आजी’ म्हणू.

फोटोचं कौतुक झालं ते ठीकच. पण त्याआधी दोन वर्षं, २०२१च्या ऑगस्टमध्ये, याच आजींच्या नावावरून फिलिपीन्समध्ये मोठा वाद पेटला होता. नास अकॅडमी नावाच्या ऑनलाइन शिकवणी देणाऱ्या कंपनीनं त्यांच्या नावानं गोंदणकलेचा कोर्स जाहीर केला होता, किंमत ७५० पेसो. आजींच्या नात्यातल्या नातीनं (ती स्वतःही गोंदते) फेसबुकवर लिहिलं की ही फसवणूक आहे, आजीला आपण कशाला होकार देतोय हे समजलेलंच नाही. कंपनीनं आरोप फेटाळला आणि करारावर अंगठा उमटवतानाचा व्हिडिओ दाखवला. कोर्स मात्र काढून घेतला. मग तिथल्या आदिवासी समाजांसाठीच्या राष्ट्रीय आयोगानं चौकशी हाती घेतली.

अंगठा खरा की खोटा, एवढ्यावरच बहुतेक चर्चा अडकली. खरा गुंता पुढे आहे. समजा अंगठा खरा होता आणि आजींना सगळं समजलंही होतं. तरी त्या जे देत होत्या, ते एकट्यानं देण्याचा अधिकार त्यांना होता का?

गोंदण कसं होतं, कोण करतं

फिलिपीन्सच्या उत्तरेकडच्या लुझोन बेटावर कॉर्डिलेरा नावाची डोंगररांग आहे. तिथे कलिंगा नावाचा प्रांत आहे (आपल्या ओडिशातल्या कलिंगाशी याचा काही संबंध नाही) आणि त्यातल्या तिंगलायान भागात बुस्कालान हे गाव. गावातले लोक बुटबुट समाजाचे. गाडीरस्ता संपला की पुढे डोंगर पायी चढावा लागतो.

इथल्या हातगोंदणाला ‘बातोक’ म्हणतात. सुई नाही, यंत्र नाही. पपनसाचा किंवा तशाच एखाद्या झाडाचा काटा बांबूच्या काडीच्या टोकाला आडवा अडकवतात, काजळी पाण्यात कालवून त्याची शाई करतात आणि दुसऱ्या काठीनं त्या काडीवर टक-टक ठोके देत काटा कातडीत शिरवतात. आपल्याकडच्या गोंदणापेक्षा हे बरंच जास्त दुखतं, असं करून घेणारे सांगतात. नक्षी म्हणजे गोम, अजगराची खवलं, नेच्याची पानं असं भोवतालच्या रानातलं जग. गोम रक्षण करते असा समज आहे.

पूर्वी हे कुणीही जाऊन करून घ्यावं असं नव्हतं. पुरुषांना गोंदण कमवावं लागे. शत्रूशी लढून, त्याचं मुंडकं आणून. बायकांना ते वयात आल्याची आणि रूपाची खूण म्हणून मिळे. अमेरिकी राजवटीत मुंडकी आणण्याची प्रथा मोडून काढली गेली, शाळा आणि मिशनरी आले, आणि जे अंगावर मिरवायचं ते लपवायची वेळ आली. मुली हात झाकून शाळेत जायला लागल्या. गोंदून घेणारे कमी झाले तसे गोंदणारेही.

व्हांग-ओद आजींचा जन्म १९१७चा सांगितला जातो. वडिलांकडून त्या कोवळ्या वयातच हे शिकल्या आणि पुढची कितीतरी दशकं आसपासच्या गावांत जाऊन गोंदत राहिल्या, बाहेरच्या जगाला त्यांचं नावही ठाऊक नसताना. २००९मध्ये डिस्कव्हरी वाहिनीच्या एका कार्यक्रमातून ते नाव बाहेर पडलं आणि डोंगर चढून येणाऱ्यांची रांग लागली.

आता एक नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बातोक रक्ताच्या नात्यातच शिकवायचं. परक्यानं हे काम केलं तर गोंदण पिकतं, चिघळतं असा समज आहे. आजींना स्वतःचं मूलबाळ नाही, म्हणून त्यांनी भावंडांच्या नातींना शिकवलं. आणि हाच नियम असलेली कला पैसे भरून कुणालाही शिकवणारा कोर्स निघाला होता. नातीच्या रागाचं मूळ इथे सापडतं.

दक्षिणेकडच्या बायका आणि त्यांची स्वप्नं

हा प्रश्न फक्त गोंदणाचा असता तर एक विचित्र किस्सा म्हणून सोडून देता आला असता. पण देशाच्या दुसऱ्या टोकाला तो अधिक लख्ख दिसतो.

दक्षिणेच्या मिंदानाव बेटावर, साउथ कोटाबाटो प्रांतात, सेबू नावाच्या तळ्याकाठी तिबोली समाज राहतो. त्यांच्या बायका ‘तिनालाक’ नावाचं कापड विणतात. सूत अबाकाचं. अबाका म्हणजे केळीच्याच कुळातलं झाड. आपल्याकडे केळीच्या सोपटाचा दोरा गजरे बांधायला वापरतात, तसाच पण फार चिवट धागा त्याच्या खोडातून निघतो. मनिला हेम्प या नावानं जगभर जहाजांचे दोर गेले ते याचेच.

खोडातून तंतू खरवडून काढायचे, वाळवायचे, केसासारखे बारीक विंचरायचे आणि एकेकाला गाठ मारत लांब धागा करायचा. मग नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे जागोजागी बांधायचे, म्हणजे बांधलेल्या ठिकाणी रंग चढत नाही. ही रीत आपल्या ओळखीची आहे, पाटणचा पटोळा किंवा पोचमपल्लीची साडी याच जातीची. फरक रंगांचा. तिनालाकमध्ये रंग तीनच: एका झाडाच्या पानांपासून काळा, दुसऱ्याच्या मुळांपासून लाल आणि न रंगवलेल्या धाग्याचा मूळ पांढुरका. रंगवलेला ताणा मागावर चढवायचा. मागाचं एक टोक घराच्या खांबाला आणि दुसरं विणणारीच्या कमरेला. विणून झालं की कापडावर कवडी घासून घासून त्याला चकाकी आणायची. एका लांब कापडाला महिने जातात.

आणि नक्षी कुठून येते? तिबोली बायका सांगतात, स्वप्नातून. अबाकाची देवता आहे, फू दालू. ती स्वप्नात येऊन नक्षी दाखवते, जागं झाल्यावर विणणारी ती आठवून बांधते. कागदावर आराखडा नसतो. विणकामाभोवती बंधनंही कडक आहेत: मागावरच्या कापडाला ओलांडून जायचं नाही, विणत असताना नवऱ्यापासून दूर राहायचं.

या कलेतलं सर्वांत मोठं नाव लांग दुलाय यांचं. शंभरेक नक्ष्या त्यांना तोंडपाठ होत्या असं सांगतात. फुलपाखरू, ढग, खेकडा, त्यांच्या आज्यांनी विणलेल्या आणि त्यांच्या स्वतःच्या. १९९८मध्ये देशानं त्यांना लोककलावंतांसाठीचा सर्वोच्च सन्मान दिला, २०१५मध्ये त्या गेल्या. आणि तिनालाकची नक्षी? ती फिलिपीन्सच्या एक हजार पेसोच्या नोटेवर आहे. देशातल्या प्रत्येक पाकिटातून ती फिरते. नोट छापणाऱ्यांचा हेतू गौरवाचाच असणार, तरी मला त्या नोटेकडे पाहताना पहिला प्रश्न हाच पडतो की विचारलं कुणाला असेल.

कायदा नेमका कुठे अडतो?

कुणी आपलं चित्र किंवा लेख चोरला तर आपण कॉपीराइटचं नाव घेतो. कॉपीराइट म्हणजे एखाद्या निर्मितीची नक्कल करण्याचा, ती विकण्याचा हक्क ठरावीक काळ फक्त निर्मात्याकडे ठेवणं. या व्याख्येतच तीन अटी लपल्या आहेत. निर्माता कोण ते सांगता आलं पाहिजे, निर्मिती त्याची स्वतःची पाहिजे, आणि हक्काला मुदत पाहिजे. फिलिपीन्समध्ये ही मुदत निर्मात्याच्या हयातीपर्यंत आणि त्यापुढे ५० वर्षं अशी आहे.

आता गोमेची नक्षी घ्या. पहिली कुणी गोंदली? माहीत नाही. व्हांग-ओद आजींची ती स्वतःची निर्मिती आहे का? त्याच म्हणतील, नाही, वाडवडिलांची. आणि तो अनामिक पूर्वज गेल्याला ५० वर्षं कधीच उलटून गेली. तीनही अटींवर नापास. तिनालाकची तर आणखी पंचाईत, कारण विणणारी स्वतःच सांगते की नक्षी देवतेनं दिली. अर्जात ‘निर्माता’ या रकान्यात फू दालूचं नाव घालता येत नाही. वस्तूच्या रूपाची नोंदणी करायची सोय असते, पण तिची पहिलीच अट आहे की ते रूप नवं हवं.

असं काही कुणाचंच नसलं की कायदा त्याला सर्वांचं मानतो आणि कुणीही वापरायला मोकळा होतो. यातली गोम समजायला जात्यावरच्या ओव्या आठवा. त्या कुणी रचल्या ते ठाऊक नसतं, प्रत्येक बाईनं आपली एखादी ओळ घातलेली असते, आणि शेजारीण त्या म्हणते तेव्हा कुणाची हरकत नसते. पण उद्या शहरातून कुणी येऊन त्याच ओव्यांना चाल लावून रेकॉर्ड काढलं, तर त्या रेकॉर्डवर हक्क त्याचा लागतो. ओवी म्हणणाऱ्या आजीचा लागत नाही, कारण कायद्याच्या लेखी तिनं ‘निर्माण’ काहीच केलेलं नसतं. पारंपरिक नक्षीचं तसंच होतं. डिझायनर तिच्यात दोन रेघा बदलून स्वतःची नक्षी म्हणून पुढे येऊ शकतो. जिच्या समाजानं ती पिढ्यान्‌पिढ्या जपली, ती बाई मात्र रिकाम्या हातानं उभी राहते.

पण संस्कृती देवाणघेवाणीतूनच वाढते ना?

हो, आणि फिलिपीन्सइतकं याचं बोलकं उदाहरण सापडणं कठीण. मनिलाच्या रस्त्यांवरच्या रंगीबेरंगी जीपनी गाड्या दुसऱ्या महायुद्धानंतर मागे राहिलेल्या अमेरिकी लष्करी जीपांमधून जन्मल्या. आक्लान प्रांतात अननसाच्या पानांच्या धाग्यापासून विणतात ते तलम कापड २०२३मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलं, पण अननस मुळात अमेरिका खंडातला, स्पॅनिशांनी आणलेला. कुणी म्हणेल, मग नक्षीवर कुंपण कशाला?

हा आक्षेप मला अर्धाच पटतो. जीप घेऊन तिचं रूप पालटणाऱ्यांनी कुणाच्या तोंडचा घास काढला नव्हता. तिनालाकची नक्षी छापलेलं स्वस्त कापड बाजारात आलं की ते थेट त्या कापडाशी स्पर्धा करतं ज्याला महिने लागतात. शिवाय काही खुणा सर्वांसाठी नसतातच. योद्ध्याची खूण कमवायची असते. शौर्यपदक दिसायला छान आहे म्हणून कुणी छातीवर लावून फिरत नाही.

आजींनी स्वतःच होकार दिला असेल तर?

फिलिपीन्समध्ये या प्रश्नाचं उत्तर देणारा कायदा आहे आणि तो बराच पुढारलेला आहे. १९९७चा आदिवासी हक्क कायदा, क्रमांक ८३७१. त्याचं ३२वं कलम सांगतं की आदिवासी समाजाची सांस्कृतिक किंवा बौद्धिक संपत्ती त्याच्या ‘मुक्त आणि माहितीपूर्ण पूर्वसंमती’शिवाय घेतली असेल तर ती परत मिळवण्याचा हक्क त्या समाजाला आहे. पूर्वसंमती म्हणजे काम सुरू होण्याआधी, कुणाच्या दबावाशिवाय, सगळं समजून उमजून, समाजानं आपल्या रीतीप्रमाणे बसून दिलेला होकार. इथे हक्क व्यक्तीचा नाही, समाजाचा. कॉपीराइटनं जे दार बंद ठेवलं होतं, ते इथे उघडलं.

म्हणून एका अंगठ्यानं काम भागत नाही. आजींचं नाव, चेहरा, त्यांच्या हातांचं कसब त्यांचं आहे. त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. कला शिकवण्याचा परवाना बाहेरच्या कंपनीला देणं ही वेगळी गोष्ट, ती बुटबुट समाजाच्या बैठकीत ठरायची.

पण समाज म्हणजे कोण, हे विचारलं की पुन्हा अडचण सुरू. फक्त बुस्कालान गाव? सगळे बुटबुट? की अख्खा कलिंगा प्रांत, कारण अशीच गोंदणं शेजारच्या गटांतही आहेत? समाज एका तोंडानं बोलत नाही. त्यातही आधी कोण बोलायचं, कुणाचा शब्द चालायचा, हे असतंच. आणि वयस्कर बाईसाठी इतरांनी ‘तिला समजत नाही’ म्हणणं यातही एक खोच आहे. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये मनिलाच्या एका व्यापारी प्रदर्शनात व्हांग-ओद आजींना आणलं होतं, तिथे त्यांनी शेकडो लोकांना गोंदलं, आणि मंचावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागल्याचा फोटो पसरला. वयोवृद्ध बाईला राबवलं म्हणून टीकेची झोड उठली. आजींना यायचंच होतं, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. शहरातल्या लोकांनी त्यांच्या वतीनं रागावताना त्यांना विचारलं होतं का, असा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडला नाही.

पैसे घेऊन पर्यटकांना गोंदतात, मग तक्रार कसली?

हा आक्षेप फार वेळा येतो, आणि त्यात एक गफलत आहे. बुस्कालानमध्ये पर्यटक गावाच्या अटींवर येतो. डोंगर चढतो, नंबर लावतो, गोंदणारीसमोर बसतो. काय गोंदायचं, कुणाला नाही म्हणायचं, किती पैसे घ्यायचे हे तिच्या हातात असतं. त्या पैशानं घरं चालतात. आजींच्या नाती आणि गावातल्या इतर पोरी हे काम हाती घेतात, कारण त्यात भाकरी आहे. पर्यटक आले नसते तर बातोक आज फोटोंतच उरलं असतं, असं मला वाटतं. अर्थ बदललाय हे खरं, मुंडकं न आणता गोंदण मिळतं. पण तो बदल गावानं आपल्या हातानं केला.

आजी स्वतः आता वयामुळे प्रत्येकाच्या अंगावर फक्त तीन ठिपके काढतात, एक त्यांचा आणि दोन त्यांनी शिकवलेल्या नातींचे. बाकीची नक्षी तरुण मुली करतात. म्हणजे सही आली. जिथे निर्मात्याचं नावच नव्हतं, त्या कलेत सहीसाठी लोक रांगा लावतात. हे कुठल्या कायद्यानं घडवलं नाही.

‘आम्ही फिलिपिनोच आहोत’ हा दावाही तपासून पाहायला हवा. १९९८मध्ये कॅलिफोर्नियात ‘मार्क ऑफ द फोर वेव्हज’ नावाचा गट उभा राहिला. परदेशात वाढलेल्या फिलिपिनोंना आपली मुळं अंगावर हवी होती. यातल्या अनेकांचे पूर्वज कलिंगा नव्हते. मधल्या विसाया बेटांवरही गोंदण होतं, इतकं की स्पॅनिशांनी तिथल्या लोकांना ‘पिंतादोस’, रंगवलेले, असंच नाव दिलं होतं. सुमारे १५९०च्या ‘बॉक्सर कोडेक्स’ या हस्तलिखितात त्यांची चित्रं आहेत. ती परंपरा स्पॅनिश काळात तुटली. त्यामुळे आज मुळं शोधणारा माणूस जिवंत उरलेल्या कलिंगाकडे वळतो. त्याची ओढ खरी आहे. तरी मनिलाचा किंवा लॉस एंजेलिसचा पासपोर्ट कलिंगाच्या खुणांवर हक्क देत नाही, निदान बुटबुट माणसाच्या नजरेतून तरी नाही.

पुरस्कार देऊन प्रश्न सुटतो का?

थोडासा. १९९२च्या एका कायद्यानं फिलिपीन्सनं लोककलावंतांसाठी ‘गावाद सा मान्लिलिखा न्ग बायान’ हा सन्मान सुरू केला, लांग दुलाय यांना मिळाला तो हाच. यातली चांगली गोष्ट म्हणजे मानपत्र देऊन सरकार मोकळं होत नाही. कलावंतानं तरुणांना शिकवायचं, ही त्यातली मुख्य अपेक्षा. लांग दुलाय यांनी तळ्याकाठी मुलींना शिकवलं. गावातल्याच जाणत्यांनी गावातल्याच मुलांना शिकवायचं अशा ‘जिवंत परंपरांच्या शाळा’ देशभर चालतात. त्यांची दखल युनेस्कोनं २०२१मध्ये घेतली. मालक कोण हा प्रश्न बाजूला ठेवून, शिकवणार कोण आणि शिकणार कोण, एवढंच ही योजना विचारते. माझ्या मते आतापर्यंतचा सर्वांत कामाचा उपाय हाच.

व्हांग-ओद यांचं नाव २०१७मध्ये या सन्मानासाठी सुचवलं गेलं. २०१८मध्ये त्यांना राष्ट्रीय कला आयोगाचा एक वेगळा पुरस्कार मिळाला आणि २०२४मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते पदक.

मग जीआय घेऊन टाका!

मराठी वाचकाच्या डोक्यात हे येणारच, कारण आपल्याकडे पैठणी, वारली, कोल्हापुरी असं सगळं त्या यादीत आहे. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन: अमुक नाव अमुक भागातल्या मालालाच लावता येईल, असं संरक्षण. फिलिपीन्सनं यासाठीचे नियम २०२२मध्ये केले, आणि पहिली नोंद गिमारास बेटावरच्या आंब्याची झाली.

पण जीआय राखतं ते नाव. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपण हेच पाहिलं. कोल्हापुरी चपलेला २०१९पासून मानांकन आहे, पण प्राडानं ‘कोल्हापुरी’ हा शब्दच वापरला नव्हता. आरडाओरड झाली, प्राडानं प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं, पण ते लोकांच्या रेट्यामुळे. तिनालाकचंही तसंच होईल. ‘तिनालाक’ नाव लावून कुणी खोटं कापड विकलं तर त्याला अडवता येईल. तीच नक्षी पॉलिएस्टरवर छापून ‘ट्रायबल प्रिंट’ म्हणून विकली तर मानांकन गप्प बसेल.

१९९७चा कायदा तिथे उपयोगी पडला असता, पण तो फिलिपीन्सच्या हद्दीपुरता. कापडाचा कारखाना दुसऱ्या देशात असेल तर कलम ३२ तिथपर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी देशादेशांत करार हवा. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची एक समिती २०००पासून यावर बसते आहे. २०२४च्या मे महिन्यात एक करार झालाही. वनस्पतींसारखी जैविक साधनं आणि त्यांच्याबद्दलचं आदिवासींचं ज्ञान वापरून कुणी पेटंट मागितलं, तर ते कुठून घेतलं हे सांगावं लागेल, असा. औषधी मुळी त्यात आली. नक्षी, गाणं, गोंदण यांतलं काही आलं नाही, त्यांच्यावरची बोलणी त्याच समितीत वेगळी चालतात. तोपर्यंत सेबू तळ्याकाठच्या बाईनं बांधलेली नक्षी परदेशातल्या छापखान्यात निघाली, तर दाद मागायला तिला कोर्ट नाही.